लागलेल्या भाताचा वास

झिंगू उईके आमच्या गिरणीच्या मागे राहायचा. अजूनही राहतो. त्याच्याबद्दल सांगायचं म्हणजे आधी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यावं लागतं, म्हणून बाहेरच्या माणसापुढे मी आजवर टाळत आलो. आता टाळून जाणार तरी कुठे?

मी गुलाब रामटेके. आरमोरीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात धान भरडायची गिरणी चालवली. झिंगू माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. गोंड माणूस, उंच, काटकुळा, कमरेला पंचा अन् खांद्यावर दुसरा. पोती उचलायला, चाळणीवर बसायला तो गिरणीत यायचा. बोलणं इतकं कमी की नवीन गिऱ्हाइकाला तो मुकाच वाटायचा. त्याला अन् कमलाबाईला मूलबाळ नव्हतं. माझी रिना लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून बोरं पाडायला जायची. चार वर्षांच्या पोरीला तो 'बाई' म्हणायचा अन् तिनं सांगितलेलं सगळं ऐकायचा.

त्र्याण्णव साली जिल्ह्यात दारूबंदी आली. सरकारनं ती कागदावर केली, गावात करून दाखवली ती माझ्या बायकोनं, बायनाबाईनं. मोहाची दारू काढायला एक खास मडकं लागतं, बुडाला भोकं पाडलेलं. खालच्या मडक्यात सडवलेला मोह उकळतो, वाफ भोकांतून वरच्या मडक्यात चढते, तोंडावर थंड पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, त्याला लागून वाफेचे थेंब होतात अन् आतल्या वाटीत पडतात. बायनाबाई अन् तिच्या मंडळातल्या बायकांनी घरोघर जाऊन अशी मडकी बाहेर काढली अन् विहारासमोर फोडली. दिवसभर खापऱ्या उडत होत्या. एक मडकं तेवढं राहिलं, झिंगूचं.

झिंगू दारात उभा राहून म्हणाला होता, "बाई, हे पेनाचं हाय. वर्षातून दोनदा काढतो. देवाले देतो, मेलेल्या माणसाले देतो. त्याच्यावर एक थेंब निघाला तर तुमीच येऊन फोडजा."

पेन म्हणजे त्यांचा देव. बायनाबाईनं झिंगूच्या शब्दावर ते मडकं सोडलं. कमलाबाईनं त्याच्या गळ्याला चुन्याचे पाच ठिपके दिले, म्हणजे कुणाची गफलत नको. अख्ख्या गावाला ते मडकं ठाऊक होतं.

सत्त्याण्णवमध्ये रिनासाठी नागपूरचं स्थळ आलं. मुलगा अश्वजित, शिकलेला, कंपनीत लागलेला. आमच्यासारख्या आडगावच्या माणसांना असं स्थळ म्हणजे काय विचारता. पण त्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या मामाचा. मुलगी बघून झाल्यावर मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो, तर मामा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याही, तुमच्या जिल्ह्यात आलं की घसा कोरडाच राहतो बुवा. पुढच्या रविवारी पक्कं करायला येऊ, तेव्हा काही सोय? मोहाची नको हं, तिचा वास नाही सहन होत. मी आपली वोडका घेतो. पांढरीशुभ्र, वास नाही, धान्यापासून करतात म्हणे."

मी काय म्हणायला हवं होतं? 'मामा, आमच्या घरात ते चालत नाही.' एवढंच. रविवारी विहारात पंचशील मीच म्हणवून घ्यायचो सगळ्यांकडून. मद्यापासून दूर राहीन हे पाचवं शील माझ्या मागून सगळं गाव म्हणायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "होईल ना मामा. धान्याची काय कमी हाय आमच्याकडे."

घरी येईस्तोवर हे स्थळ आता माझ्याच हातात आहे असं मला वाटू लागलं. वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीला दुकानं होती, पण पुलावर झडती, अन् बायनाबाईचा नवरा म्हणून तिकडचा पानठेलेवालाही मला ओळखायचा. तेव्हा घरीच करायची ठरवली. माझा बाप डोमा, मोठा पिणारा. लहानपणी त्याच्या चुलीपुढे बसून मी सगळं पाहिलं होतं. त्यात मोह असतो, यात तांदूळ, फरक तो काय, असं मला वाटलं. शहाणा ना मी.

मडकं मात्र गावात एकच होतं.

मी झिंगूला म्हणालो, "झिंगूभाऊ, तुझं ते भोकाचं मडकं दोन दिवस दे. धानाले वाफ देऊन उकडा तांदूळ करून पाहतो. नागपूरचे पाव्हणे येऊन राह्यले, त्यायले उकडाच आवडते."

त्यानं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "पेनाचं हाय भाऊ."

"रिनाच्या कामासाठीच तर मागून राह्यलो."

रिनाचं नाव मी मुद्दाम घेतलं. ते घेतल्यावर तो नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. तो घरात गेला, मडकं घेऊन आला, पंच्यानं पुसून माझ्या हातात दिलं.

गिरणीच्या मागच्या खोलीत, कोंड्याच्या ढिगाआड मी माझा कारखाना मांडला. पाच किलो कनकी, म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ, शिजवली. मोह आपला आपण सडतो. तांदूळ काही केल्या सडेना, नुसता आंबूस पाणचट होऊन पडला. मग आरमोरीच्या जिलेबीवाल्याकडून आंबलेलं पीठ मागून आणलं, गूळ घातला. दोन दिवसांनी बुडबुडे आले. ते बघून मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते.

शुक्रवारी आरमोरीचा बाजार. गाव रिकामं, गिरणी बंद, बायनाबाई बायकांबरोबर बाजाराला. भर दुपारी मी चूल पेटवली, झिंगूचं मडकं वर चढवलं, सांध्यांना ओली कणीक थापली. अर्ध्या तासानं भांडं उचलून पाहिलं तर वाटीच्या तळाला चमचाभर पांढरं पाणी. बोट बुडवून चाटलं. घासलेट अन् शिळी पेज यांच्या मधलं काहीतरी. जन्मात पहिल्यांदा मी पाचवं शील मोडलं ते असल्या घाणीसाठी. पण थांबलो नाही. मामा मान हलवून 'वा व्याही' म्हणताहेत असं डोळ्यांपुढे आलं अन् मी चुलीत आणखी कोंडा सारला.

तिथंच फसलो. मोह उकळतो तो भरपूर पाण्यात. मी कनकी ठेवली होती दाट, भातासारखी. ती बुडाला बसली अन् लागली. बघता बघता खोली धुरानं भरली अन् गावभर वास सुटला. लागलेल्या भाताचा. मोहाच्या वासाला लोक एकवेळ नाक मुरडून पुढे गेले असते. पण भाताच्या मुलखात लागलेल्या भाताचा वास आला की बाई जिथं असेल तिथून धावते. अन् बंद गिरणीत भात कोण शिजवतं?

बाहेर नीलाबाईचा आवाज आला, "अवो, गिरणीत काय जळून राह्यलं?" नीलाबाई मंडळातली, बायनाबाईचा उजवा हात. बाजारातून परतल्या होत्या सगळ्या.

मी मागच्या दारानं पळालो. वळसा घालून रस्त्यावर आलो, तोंड पुसलं अन् पुढच्या दारानं आत शिरलो. "काय झालं?" असंही विचारलं वर. इतकी वर्षं झाली, माझा तो 'काय झालं' मला झोपेतही ऐकू येतो.

बायनाबाई चुलीपुढे उभी होती. मडक्याच्या गळ्याचे पाच ठिपके सगळ्यांना दिसत होते.

"हे त झिंगूभाऊचं हाय," नीलाबाई म्हणाली.

झिंगूला बोलावलं. तो आला, चुलीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाला गर्दीत बघावं तसं. माझी नजर खाली गेली.

"झिंगूभाऊ, हे मडकं तुमचं व्हय?" बायनाबाईनं विचारलं.

"माझंच हाय."

"तुमी लावलं हे?"

ती तीनदा विचारती झाली, तो तीनदा गप्प. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. दोन शब्द लागत होते, 'मी लावलं'. रविवार दोन दिवसांवर होता.

बायनाबाईनं मडकं उचललं, विहारासमोर नेलं अन् स्वतःच्या हातानं फोडलं. झिंगूनंच तसं सांगून ठेवलं होतं. यापुढे देवासाठीही सूट नाही, असं मंडळानं ठरवलं. कमलाबाई खापऱ्या वेचायला आली. ठिपक्यांचे तुकडे तेवढे पदरात घेऊन गेली.

रविवारी पाहुणे आले. मामांना बाजूला घेऊन मी पुटपुटलो, "मामा, ती सोय नाई झाली."

"कसली सोय?"

मी आठवण दिली, तर मामा पोट धरून हसले. "अहो व्याही, मस्करी केली होती मी. मला तर डॉक्टरनं चहासुद्धा बंद केलाय."

मीही हसलो. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं. लग्न ठरलं, झालंही. मांडवाला आंब्याचे डहाळे झिंगूनं आणले होते.

तो गिरणीत येत राहिला. पोती उचलायचा, चाळणीवर बसायचा. एक वाकडा शब्द नाही, एक टोमणा नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. विहारात पाचव्या शीलाला माझा आवाज खाली जायचा अन् मागचे लोक तेवढेच जोरात म्हणायचे.

नव्व्याण्णवच्या थंडीत कमलाबाई गेली. तिच्या दिवसकार्याच्या आदल्या सकाळी झिंगू आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. मंडळाच्या चार बायका बसल्या होत्या, मी बाजूला गिरणीचा पट्टा शिवत होतो.

"बाई, एका डावापुरती सूट द्या," तो म्हणाला. "कमलाले पोचवायची हाय. तिच्या माहेरचे येऊन राह्यले धानोऱ्याहून. पानावर चार थेंब लागतेत. त्याच्याबिगर आमच्यात माणूस पूर्वजायत मिळत नाई."

नीलाबाई म्हणाली, "एकदा शब्द मोडला तुमी भाऊ. आता कोण्या तोंडानं मागता?"

बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवत होतो, तो काही ओवला जात नव्हता. तिनं मान फिरवली अन् म्हणाली, "नाई जमणार, झिंगूभाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिथं होतो. झिंगूनं पळसाच्या पानावर तांब्यातलं पाणी सोडलं. चार थेंब. कमलाबाईचा भाऊ वास घ्यायला खाली वाकला, तसाच उठला.

"माझ्या बहिणीले पाण्यावर पोचवलं तू," तो म्हणाला. "चाळीस वर्षं नांदली तुझ्या घरी अन् एक मडकं नाई तुझ्याजवळ?"

माहेरची माणसं न जेवता निघून गेली. रांधलेला भात तसाच पडला.

घरी आल्यावर मी बायनाबाईपुढे बसलो अन् सगळं ओकलो. मामा, जिलेबीचं पीठ, मागचं दार. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुमचा सदरा मीच धुतला ना. लागलेल्या भाताचा वास तीनदा धुतला तरी जाईना." मग तिचे हात थांबले. "मडकं फोडलं तवा नक्की नवतं मालूम, पण वाटलं होतं. तरी फोडलं. पोरीचं जुळून राह्यलं होतं. अन् काल तुमाले पाहून राह्यली होती मी, की आता तरी बोलान. तुमी नाई बोलले, त मीबी नाई बोलली."

ती पदर तोंडाला लावून रडली. विहारात पाचव्या शीलाला तिचाही आवाज खाली जायचा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन वर्षं मी फक्त माझाच ऐकत होतो.

सकाळी दोघं झिंगूकडे गेलो. मी त्याच्या पायाला हात लावला तर तो पाय मागे घेऊन अवघडून उभा राहिला.

"आज विहारात सगळ्यायले सांगतो," मी म्हणालो.

"राहू द्या ना भाऊ. रिनाबाईच्या सासरपर्यंत जाईल ते."

"तू तवा काऊन नाई बोलला?"

"बाईचं जुळत होतं," तो म्हणाला. आमच्याच तोंडचे शब्द. पण त्याच्या तोंडी ते किती वेगळे वाटले.

संध्याकाळी मी सांगितलं. पंचशील म्हणवून घेणं त्याच दिवशी सोडलं. नीलाबाई आठवडाभर आमच्या दारावरून गेली नाही. मग मंडळानंच ठरवलं, झिंगूची सूट त्याला परत द्यायची. बायनाबाई अन् मी आरमोरीच्या कुंभाराकडून नवं मडकं घेऊन आलो. भोकं ज्याची त्यानं पाडायची असतात, म्हणून कोरंच आणलं. झिंगूनं दोन्ही हातांनी घेतलं, ठोकून पाहिलं, "चांगलं हाय," म्हणाला.

मी माणूस पाठवून धानोऱ्यालाही निरोप दिला, चूक माझी म्हणून. तिकडून कुणी आलं नाही.

भोकं त्यानं आजवर पाडली नाहीत. मडकं दारात तिवईवर ठेवलंय, पाणी भरून, वर वाटी पालथी. येणारा-जाणारा पितो. मी रस्त्यानं निघालो की तो बसल्या जागेवरून हाक मारतो, "गुलाबभाऊ, पाणी पिऊन जा."

त्याच्या मनात काही नसतं. ऊन असतं, म्हणून तो बोलावतो. मी थांबतो, वाटीभर पाणी पितो, अन् तो बघत असतो म्हणून पूर्ण संपवतो.