गुरुजींची कवळी काहून पडते?

गुरुजींनी तोंडातली वरची कवळी काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या टेबलावर पेपरवेटच्या शेजारी ठेवली. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. दार सताड उघडं. आणि गुरुजींचा आवाज आयुष्यभर वर्गात शिकवून तयार झालेला.

"मॅडम, हे तुमची बत्तीशी तुमच्यापाशी ठेवा. मले नाई पाहिजे."

वरचे दात नसल्यामुळे अर्धी अक्षरं फुसकन निघून गेली, पण बाहेरच्यांना कळायचं ते कळलं. कवळीचं माप द्यायला आलेली एक बाई "उद्या येते" म्हणून उठून गेली. मला राग आला. ती कवळी मी मन लावून केली होती, आणि ती चांगली होती.

मी पांढरकवड्याला दातांचा दवाखाना चालवते. वानखडे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यानंतर ते बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावू लागले. मांडवात माइकसमोर उभं राहून त्रिशरण, पंचशील, वंदना एकेक ओळ म्हणायची आणि मांडवाने ती मागून म्हणायची, शेवटी मंगलाष्टकांच्या जागी जयमंगल अष्टगाथा, असं ते काम. पंचक्रोशीत गुरुजींना मागणी होती. खुर्चीत बसले की वऱ्हाडी बोलत, माइकसमोर उभे राहिले की शुद्ध पुस्तकी. दोन्ही खणखणीत.

"झालं काय पण?" मी विचारलं.

"परवा उमरीले लग्न लावून राह्यलो होतो. वंदना चालू, अन् वरची खटकन खाली! लाउडस्पीकरवर साऱ्या गावानं ऐकलं. नवरदेवाचे दोस्त हासू लागले. मी कसंबसं जिभेनं दाबून पुरं केलं."

"एकदाच झालं?"

"उमरीले एकदा. त्याच्या पह्यले बोरीले दोनदा. घरी पडत नाई. मांडवातच पडते!"

मग त्यांचा आवाज खाली आला. बुद्धपौर्णिमेला गावात सामूहिक विवाह होता आणि त्यात त्यांची नात प्रज्ञा होती. प्रज्ञाने लहानपणापासून ठरवून ठेवलेलं, माझं लग्न आबाजीच लावतील. आणि उमरीची गोष्ट कमिटीपर्यंत पोचली होती.

"कमिटीवाले म्हणतात, गुरुजी, तुमी समोर सोफ्यावर बसा, तुमचा सत्कार करतो. लग्न लावाले नागपूरचा माणूस बोलावतो. सत्कार कायले पाहिजे मले? नातीच्या लग्नात मी सोफ्यावर बसू काय मुक्यासारखा?"

डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. माझा राग तिथेच विरला.

सामूहिक विवाहांचे ते दिवस होते. कापसाने लागोपाठ दगा दिलेला, भाव पडलेले, घरोघरी लग्नं अडलेली. मग गावोगाव कमिट्या झाल्या आणि एका मांडवात पंचवीस-तीस जोडपी उभी राहू लागली. खर्च वाचे, पण कार्यक्रम लांबे. पाहुणे यायचे, भाषणं व्हायची, एकेका जोडप्याचं नाव पुकारलं जायचं. लग्न लावणारा माणूस सकाळी स्टेजवर चढला की दुपारीच उतरायचा.

मी कवळी हातात घेतली. कुठे तडा नाही, कड झिजलेली नाही. गुरुजींना खुर्चीत आडवं केलं आणि तोंडात बघायचा छोटा आरसा गालाला आतून लावला. बाहेर काढायला गेले तर आरसा गालालाच चिकटला. निरोगी तोंडात तो सुळकन सरकतो. जीभ बघितली तर उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळलेली. खालचे जे चार-सहा दात शिल्लक होते, ते हिरडीजवळ किडायला लागलेले. टाळू लालभडक. कवळी निर्दोष होती, गुरुजींच्या तोंडात लाळच नव्हती.

वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवा, ओढून सुटत नाहीत. कोरड्या ठेवा, आपोआप घसरतात. लाळ आटली की सोन्याची कवळी केली तरी ती खाली येणार.

"म्हातारपण, दुसरं काय," गुरुजी म्हणाले.

हे मला सगळे सांगतात. पण नुसत्या वयाने लाळ इतकी आटत नाही. बहुतेक वेळा मागे कुठली तरी गोळी असते. ती शोधून काढणं हे माझ्या कामातलं सगळ्यात चिवट काम, कारण डॉक्टरने दिलेली तेवढीच गोळी आपल्या लोकांच्या हिशेबी औषध असते. बाकीच्या नुसत्या गोळ्या.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची. बस."

"आणखी?"

"आणखी काई नाई."

"कुणी दोस्ताने दिलेली? मेडिकलमधून आणलेली?"

गुरुजी पंख्याकडे बघायला लागले. मग खुर्चीतून उठले, दारापाशी गेले, बाहेर डोकावले आणि दार लावून घेतलं. मघाशी उघड्या दाराने माझी अब्रू काढणारा हाच माणूस.

"तुमी बाईमाणूस. कसं सांगू?"

"डॉक्टर समजा आणि सांगा."

"घडीघडी जा लागते. लघवीले. आता मांडवात पंचशील अर्धं सोडून मी लोटा घेऊन जाऊ काय? लोकं काय म्हणतील? म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाणीच घेत नाई. अन् पाटणबोरीचा माहा एक जोडीदार हाये, त्याले डॉक्टरनं गोळी दिलती. त्याले लय फरक पडला. तेच मीबी घेतो. रोज एक. लग्न असलं तं दोन."

खिशातून त्यांनी पट्टी काढली. मी नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. लघवीची घाई आवरणारी ती गोळी तोंडाची लाळही आवरते. वरून मे महिना, पंचेचाळीसच्या घरातलं ऊन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. कवळी मांडवातच का पडते, ते आता उघड होतं.

"गुरुजी, तुमच्या वर्गातल्या पोराने असं केलं असतं तर काय केलं असतं?"

"कान धरला असता," ते पडेल आवाजात म्हणाले.

मी लगेच गावातल्या फिजिशियनला फोन लावला. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. "या वयाच्या माणसाला प्रोस्टेटची सूज असली तर या गोळीने लघवी पूर्ण अडू शकते. आजच बंद कर. यवतमाळला पाठव."

मी ते गुरुजींना जसंच्या तसं सांगितलं.

"पूर्ण म्हंजे?"

"म्हणजे नळी घालावी लागते."

पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकली.

यवतमाळच्या सर्जनने तपासलं. सूज होतीच. योग्य ती गोळी सुरू झाली. इकडे मी तोंडाकडे वळले. टाळूवर बुरशी झाली होती, तिला मलम दिलं. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, घालण्याआधी ओली करायची, दिवसभर घोट-घोट पाणी प्यायचं. तोंड ओलं राहावं म्हणून ते चघळत त्या लिमलेटच्या गोळ्या बंद, नाहीतर राहिलेले दातही किडून जातील. नागपूरहून कृत्रिम लाळेची बाटली मागवली. ती गुरुजींनी जिभेवर घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं शेंबूड हाये मॅडम!"

चव खरंच तशी होती. मी आग्रह केला नाही. हळूहळू तोंड ओलं व्हायला लागलं, आरसा गालावरून सरकायला लागला. कवळी दवाखान्यात तरी पडेना. मी कमिटीच्या सेक्रेटरीला बोलावून गुरुजींकडून माझ्यासमोर वंदना म्हणवून घेतली. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे. पण पडली तर मधूनच दुसरा माणूस उभा करू."

राहिला एकच प्रश्न. तो गुरुजींनीच काढला.

"पाणी पितो मी. पण मांडवात लागली तं?"

"मी सेक्रेटरींना सांगते."

"नोका! कोणाले नोका सांगू. मी पाहतो."

पौर्णिमेला मी गेले. शाळेच्या मैदानात मांडव, कूलर गरम हवा फेकत होते. पांढऱ्या साड्यांतल्या नवऱ्या ओळीने बसलेल्या, प्रज्ञा दुसऱ्या रांगेत. गुरुजींच्या हाताशी स्टीलचा तांब्या होता. नागपूरचे बौद्धाचार्य स्टेजच्या कडेला तयारीत बसलेले. त्रिशरण सुरू झालं. प्रत्येक ओळीला माझी नजर त्यांच्या वरच्या ओठावर. गुरुजी ओळ म्हणत, मांडव मागून म्हणे, मध्ये एक घोट पाणी. कवळी जागची हलली नाही. पंचशीलही सुखरूप पार पडलं.

आणि गुरुजी थांबले.

बराच वेळ माइकमधून नुसती खरखर. सेक्रेटरी उठून उभे राहिले. नागपूरच्या पाहुण्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. मला वाटलं, गेली कवळी. गुरुजींनी माइक जवळ ओढला आणि हेडमास्तरांच्या स्वच्छ मराठीत म्हणाले,

"अष्टगाथेपूर्वी आता लघवीची सुट्टी. दहा मिनिटे. रांगेत जावे, गडबड करू नये."

सगळा मांडव खदखदून हसला. निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. ही घोषणा त्यांनी लहानपणी रोज ऐकलेली. हसू थांबायच्या आत नवऱ्या उठल्या. एक नाही, दोन नाही, ओळच्या ओळ. साड्या सावरत, लगबगीने, शाळेच्या मुलींच्या संडासाकडे. सगळ्यात पुढे प्रज्ञा.

मी तिच्या मागोमाग गेले. नळाखाली ओंजळ धरून ती घटाघटा पाणी पीत होती.

"मॅडम, सकाळपासून थेंब घेतला नव्हता मी. कोणीच नव्हता घेतला. उठणार कशा आम्ही मधातून?"

तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरींचे ओठ पांढरे पडलेले होते. त्या दिवसापर्यंत मी कितीतरी सामूहिक विवाहांना गेले होते, पहिल्या रांगेत बसले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोरची ही गोष्ट मला दिसली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

परत आले तेव्हा गुरुजीही हात पुसत स्टेजवर चढत होते. इतक्या गर्दीत ते कधी गेले आणि कधी आले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अष्टगाथा झाली, फुलं पडली. सुट्टीआधी मागून म्हणणारा नवऱ्यांचा आवाज ओठांतल्या ओठांत विरत होता, आता तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. आबाजींच्या ओळीमागे प्रज्ञाचा आवाज तर मला वेगळा ओळखू आला. नागपूरच्या पाहुण्यांनी जेवणाचा आस्वाद घेतला आणि दुपारच्या गाडीने परतले.

पुढच्या वर्षापासून कमिटीने कार्यक्रमातच सुट्टी धरली. आणि मी, तोंड कोरडं पडतं म्हणणारा कुणीही आला, विशेषतः बाई आली, की पाणी किती पिता हे नंतर विचारते. आधी विचारते, प्यायल्यावर जायला जागा आहे का?