समोरच्या घरची हिरवी भिंत

गडचिरोलीत दुसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर, आणि जिन्यापलीकडे शिंप्याचं. शिंपी दिवसभर दुकानात, त्याची बायको घरी. ती मला कधी खुपली नसती. पण तिने गॅलरीच्या भिंतीला लोखंडी जाळी ठोकली, पाण्याच्या बाटल्या कापून तिच्यावर टांगल्या आणि त्यांत मनीप्लांट, स्नेक प्लांट असलं काहीबाही लावलं. बघता बघता भिंत दिसेनाशी झाली.

गुडघे दुखायला लागल्यावर माझ्या सासूबाई धानोऱ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. घरात त्यांचं हो आणि नाई एवढ्यावर भागायचं. जेवलात का? हो. दुखतंय का? नाई. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी समोरून खळखळून हसण्याचा आवाज यायचा, तो त्यांचाच. त्या हिरव्या भिंतीखाली खुर्ची टाकून त्या शिंप्याच्या बायकोला गावाकडच्या गोष्टी सांगत बसायच्या. मी जळायचे. सासू माझी, तिचा वरणभात माझ्याकडे, आणि हसू समोरच्या घरी. जंगलात जन्म गेलेल्या बाईला बाटलीतल्या चार पानांचं एवढं काय कौतुक, हे मला काही केल्या कळेना.

मग मीही जाळी ठोकून घेतली. फांद्या मागायला तिच्याच दारात जावं लागलं, ते आणखी झोंबलं. तिने ओंजळभर दिल्या, वर हसून.

"भाभी, याले काही करा लागत नाई. हप्त्यातून एक बार पानी टाका, बस."

इतक्या सहज सांगते म्हणजे खरी मेख लपवत असणार, असं मी धरूनच चालले. शिवाय मी धान पिकवणाऱ्या घरची, शेतात घोट्यापर्यंत पाणी उभं असलेलं पाहत वाढलेली. हप्त्यातून एकदा पाणी म्हणजे झाडाला उपाशी मारणंच. मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी बाटल्या काठोकाठ भरायचे.

पानं पिवळी पडली. स्नेक प्लांट बुडातून लिबलिबीत झालं. एकदा तिने येऊन मातीत बोट खुपसलं आणि पाणी जास्त होतंय म्हणून सांगितलं, तेही सासूबाईंच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी पाणी बंद केलं. तरी संध्याकाळी येऊन बघावं तर माती ओलीचिंब, खाली फरशीवर ओघळ. मी नसताना कुणीतरी पाणी घालत होतं. कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुपारी सासूबाईंना हात धरून न्यायला तीच आमच्या घरात यायची. माझी भिंत तिच्यासारखी होऊ द्यायची नव्हती तिला, दुसरं काय.

तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून डोकं दुखतं सांगून एका दुपारी ऑफिसातून निघाले. काय काय सुनवायचं ते जिना चढताना घोकून ठेवलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

गॅलरीत सासूबाई एकट्याच होत्या. एका हाताने जाळी धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा, आणि त्या गुडघ्यांवर टाचा उचलून वरच्या बाटलीपर्यंत पोचायची खटपट चाललेली.

"तुम्ही पाणी टाकून राह्यल्या?" मी विचारलं.

"तुनं सोडून देल्लं ना," त्या म्हणाल्या. "झाडं मरून राह्यले. तुले वाईट वाटते, मले का दिसत नाई?"

तरी जीभ गप्प बसली नाही. "समोरच्या झाडांनाही टाकता का?"

"तिच्या झाडाले मी कायले टाकू? ते तिचे आहेत. हे आपले आहेत ना." त्यांनी लोटा माझ्यापुढे धरला. "वरचे राह्यले, बाई. माझा हात नाई पुरत."

झाडांची मुळं कुजली होती आणि आता त्यांना थेंबही नको होता, हे मला कळत होतं. मी लोटा घेतला आणि वरच्या बाटल्या भरल्या.