गोठा रिकामा झाल्यावर

मी उडीवर जगले. बास्केटबॉलमध्ये माझ्याहून उंच मुली पुष्कळ होत्या, पण रिंगवरून चेंडू उसळला की सगळ्यांच्या डोक्यावरून माझा हात आधी पोचायचा. मुंबईच्या एका संघाने मला त्यासाठीच पगारावर ठेवलं. पुढे देशाकडूनही खेळले. वर्तमानपत्रांत माझे फोटो आले ते सगळे हवेतले. जिने मला वाढवलं तिने मात्र मला एकदाही हवेत पाहिलं नाही.

आई पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत राहायची, उमरठच्याही पुढे. घरात ती आणि तिच्या म्हशी. मी बोलावलं की उत्तर ठरलेलं, गुरं कोणाच्या गळ्यात मारू? आणि ते खोटं नव्हतं. तिच्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला पान्हा चोरायच्या. एकदा सामना खुद्द महाडातच ठरला. चवदार तळ्यापाशी माणूस उभा करते, तू फक्त एसटीत बस, असं मी बजावलं होतं. निघालीही होती बिचारी. पण म्हैस अडल्याचा निरोप आला आणि बाई फाट्यावरून माघारी फिरली. त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हशीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रेडकू छान निघालं म्हणे.

गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर खेळ सुटला. आता मी महाडात राहते, शाळेतल्या मुलींना शिकवते. यंदा आईचेही हात थकले. तिने शेवटची म्हैस विकली आणि पिशवी घेऊन थेट माझ्या दारात उभी राहिली.

"गोठ्यात आता कोन नाय. तुझी म्याच कधी हाय गो?"

खेळ सोडल्याचं मी तिला केव्हाच सांगितलं होतं. पण आटलेली म्हैस पुढच्या वेताला पुन्हा दूध देते, माझंही तसंच असणार, असं तिने धरलं होतं. मग ती मला महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेऊ लागली. मी पाय सोडून बसायची, ती ओंजळीने गुडघ्यावर पाणी घालायची. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आशा वाटायला लागली होती.

परवा ती शाळेच्या मैदानावर आली. पदर सावरून पायरीवर बसली. मी रेषेवर उभी राहून चेंडू टाकला. जाळीत गेला.

"आता उडून दाखव," ती म्हणाली.

मी उडाले. म्हणजे टाचा उचलल्या. गुडघ्याने तेवढंच दिलं. तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, आई, संपलं ते, आता परत नाही यायचं.

तिने मान वर करून रिंग किती उंच आहे ते पाहिलं.

"मंग त्या साली म्हस सोडून यायला पायजे होतं गो मी."

हे तिने म्हणावं म्हणून मी कित्येक वर्षं रुसून बसले होते. आता ऐकलं, आणि तिच्या गोठ्यात अजून एखादी म्हैस असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.