दिवाकरकाकांचा रिकामा ठोका

घमापुरातले दिवाकरकाका ढोमणे बोलतात कमी, ठोकतात जास्त. जेवताना ताटावर, ऑटोत पुढच्या सीटवर, जयाकाकू रागावल्या की स्वतःच्या मांडीवर. दिवसभर रांझीला कारखान्यात घण, संध्याकाळी ड्रम मशीन. काळा डब्बा, सोळा रबरी बटणं. लोक बटण दाबतात, काका मारतात. चार फाटली, त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेत.

डब्ब्याचा खरा दिवस नवमीचा, देवीपुढे उगवलेल्या जवाऱ्यांच्या विसर्जनाच्या मिरवणुकीचा. काकांचे मोठे भाऊ गणपतराव अंगात देवी आली की गालांतून बाना घेतात. बाना म्हणजे लोखंडी सळई. गणपतराव मान घुमवतात, काका ती मान बघून ठोका चढवतात. मान थांबली की काका एक ठोका रिकामा सोडतात, आणि त्या शांततेत पंडा, म्हणजे देवीचा पुजारी, सळई आरपार करतो. पंडा डोळे मिटून, सगळा भरवसा कानावर. आणि एकदा टोचलेला बाना मागे ओढायचा नसतो. जाईल तर पुढेच.

यंदा जयाकाकूंचे भाऊ भय्यासाहेब लॅपटॉप घेऊन आले. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे ते स्वतःला इंजिनिअर समजतात.

"जीजाजी, ये डब्बा भंगार में दो. उन्हात बंद पडते. मागच्या साली भर मिरवणुकीत अख्खं घमापूर हसलं, विसरले काय? लॅपटॉपचा बेस असा की काचा फुटतील!"

विसरले नव्हते, म्हणून काका सॉफ्टवेअर शिकायला बसले. माऊसने एकेक ठोका भरायचा. पहिला माऊस भिंतीवर फुटला, दुसरा दारावर. मग भय्यासाहेबांनी शक्कल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या मिरवणुकीतलं काकांचंच रेकॉर्ड केलेलं वाजवणं लॅपटॉपमध्ये घातलं, रिकाम्या ठोक्यासकट.

"हात तुमचाच जीजाजी, फक्त घाम नाही."

"काहून, देवी दरसाल त्याच मिनिटाला येते काय?" जयाकाकूंनी विचारलं.

"तू मधात नको बोलू," काका म्हणाले. आपलाच हात, तो कसा चुकेल?

नवमीला लॅपटॉप, स्पीकर, जनरेटर लादून ट्रॉली निघाली, वर काका आणि भय्यासाहेब. बेसने चहाच्या टपरीवरचे तीन ग्लास खरंच फुटले. भय्यासाहेब असे नाचले जणू स्वतः फोडले. ट्रॉलीपुढे चालणाऱ्या गणपतरावांच्या अंगात देवी मात्र उशिरा आली. पंड्याने गालाला सळई लावली, मान अजून गरगरत होती, आणि लॅपटॉपने दोन वर्षांपूर्वीची शांतता सोडली. पंड्याने कानाचं ऐकलं. खच्! सळई गालात घुसली आणि दाढेवर आपटली. दाढेचा तुकडा रक्तासोबत रस्त्यावर पडला. लॅपटॉप पुन्हा धाड् धाड् सुरू! गणपतराव तोंडात अर्धी सळई घेऊन उभे, हनुवटीवरून धार. ना मागे, ना पुढे.

"बंद कर बे!"

"होऊन नाही राहिलं जीजाजी, अटक गया!"

काकांनी अशी लगावली की भय्यासाहेब जनरेटरवर जाऊन आदळले. लॅपटॉप लाथेने उडाला आणि चाकाखाली कडकडला. भय्यासाहेब उठले, काकांचा गळा धरला. काकांनी डोकं हाणून त्यांचं नाक फोडलं.

"मागाहून मारा एकमेकांना!" जयाकाकू खालून किंचाळल्या. "मोठ्या भाऊजींकडे बघा आधी!"

डब्बा घरी. काकांनी ट्रॉलीच्या पत्र्यावर मुठी हाणायला सुरुवात केली. धाड्. धाड्. नजर भावाच्या मानेवर. सालटं निघाली, पत्र्यावर लाल ठसे उठले, काका थांबले नाहीत. भरकटलेली मान हळूहळू पत्र्याच्या ठोक्यावर आली. संथ झाली. थांबली.

काकांच्या मुठी हवेतच राहिल्या.

पंड्याने ढकललं. दुसऱ्या गालातून टोक सरळ बाहेर आलं.

संध्याकाळी दवाखान्यात दोघे भाऊ शेजारीशेजारी, एकाचे गाल शिवलेले, एकाच्या मुठी बांधलेल्या. भय्यासाहेब नाकात बोळे घालून आले.

"जीजाजी, लॅपटॉपला जोडाचे रबरी पॅड भेटतात. आवाज त्याचा, हात तुमचा."

काकांनी पट्टीची मूठ उचलली. भय्यासाहेब दारापर्यंत मागे सरले.

गणपतराव सुजल्या तोंडाने कण्हले, "घेऊ दे त्याला. पण थांबाचं तूच, दिवाकर."

काकांनी मूठ खाली घेतली.

"आण," ते भय्यासाहेबांना म्हणाले. "पण सोळाही बटणांना आधी ट्यूब चिकटव."