भंगारात सापडलेला तुकडा

ती सकाळ आठवली, की अजूनही मला स्वतःचाच राग येतो. चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतल्या वर्कशॉपांचं भंगार उचलणारा दापोडीचा एक भंगारवाला, पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, आपणहून ठाण्यात आला. रुमालात बांधलेला लोखंडी तुकडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, हा मोटारीचा पार्ट नाही. रायफलीचा आहे."

"तुला कसं कळलं?" मी दरडावून विचारलं. तरुणपणी बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानात पाच वर्षं काम केलंय, असं तो म्हणाला. झालं! ज्याला एवढं कळतं तोच यात असणार, चोराच्या उलट्या बोंबा, असा मी निकाल लावून टाकला. त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. माणसं पाठवून भर वस्तीत त्याच्या दुकानाची झडती घेतली. हाती काही लागलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला तोच शांतपणे म्हणाला, हा तुकडा मी आणला कुठून, हे तुम्ही अजून विचारलंच नाही. खरंच की! लोखंडाच्या जातीप्रमाणे भाव बदलतो, म्हणून तो प्रत्येक वर्कशॉपचं भंगार वेगळ्या गोणीत भरत असे. हा तुकडा कुठल्या वर्कशॉपच्या शेडमधला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमचा अख्खा दिवस माझ्या शहाणपणापायी वाया गेला होता.

दुसऱ्या दिवशी शेडच्या मालकाला गाठलं. गिऱ्हाइकाने फवारणी पंपाचा भाग म्हणून ड्रॉइंग दिलं होतं. "कशाला लागतं असं विचारत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जातं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. गिऱ्हाईक जवळच्याच गावचा शेतकरी आणि एका कंपनीत टूलरूमचा फोरमन. त्याला चौकशीला आणला.

दोन तास एकच पालुपद. "म्या न्हाई, साहेब. मला कायबी ठाव न्हाई." मारझोडीने माणूस बोलतो, पण खरं बोलेलच असं नाही. कामाची गोष्ट काढली की मात्र कारागिराला गप्प बसवत नाही. मी तो तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, काम मात्र झकास झालंय. त्याने तुकडा उचलला, अंगठा फिरवला.

"कसलं झकास? भोक सरकलंय याचं. म्हणून तर परत केला."

त्याचं त्यालाच कळलं आणि तो मान खाली घालून बसला.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून तसेच पंच घेऊन त्याच्या घरी निघालो. गोठ्यामागच्या कडब्यातून त्यानेच सेमी-ऑटोमॅटिक रायफल काढून दिली. परराज्यातून मोडकी, बिनपरवाना आणलेली. झिजलेले भाग नवे करून तो ती चालती करत होता. चार दिवसांनी वादातल्या जमिनीची मोजणी होती, आणि त्या दिवशी चुलतभावाला आडवा करायचा त्याचा बेत होता. एक दिवस आम्ही वाया घालवला होता. तसे आणखी चार घालवले असते, तर त्या माणसाचा पंचनामा करायची वेळ आली असती.

वरिष्ठांनी शाबासकी दिली. पण दापोडीत पोलीस दुकानाची झडती घेऊन गेले म्हणून भंगारवाल्याची गिऱ्हाइकं तुटली होती. हे कानावर आल्यावर मी वर्दीतच त्याच्या दुकानी गेलो, सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. तुमच्यामुळे एक जीव वाचला, हेही मोठ्याने सांगितलं. त्याने चहा मागवला.

चहा संपल्यावर त्याने विचारलं, "साहेब, पुन्हा असं काही सापडलं तर आणू की जाऊ देऊ भट्टीत?"

"आणा. थेट माझ्याकडे या."

"आणि तुमची बदली झाल्यावर?"

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्याच दिवशी मी ठाणे अंमलदाराला बजावत आलो, की स्वतःहून आलेल्या माणसाचं आधी पूर्ण ऐकून घ्या, संशय नंतर घ्या. त्यांनी ऐकलं असेल, नसेल. भंगारवाला मात्र पुन्हा कधी कुठल्या ठाण्याची पायरी चढला नाही.