बाल्कनीची खोली

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेने मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाई, तुम्ही गेला होतात ना बोटीवर? आम्ही दिवाळीत जायचं म्हणतोय. आतली खोली आणि बाल्कनीची खोली, जवळजवळ दुपटीचा फरक आहे हो. बाल्कनी घेतली तर पैसे फिटतात का?"

मी डब्याचं झाकण लावलं. म्हटलं, "आतली घे. समुद्र वरच्या डेकवरून फुकट दिसतो."

"पण एजंट म्हणतो, बाल्कनी नाही तर डब्यात बसून गेल्यासारखं."

"आम्हालाही तेच म्हणाला होता."

ती हसली. बाई चिकट आहेत, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. आतल्या खोलीला खिडकी नसते. आमच्या खोलीला बाल्कनी नसती तर माझ्या नवऱ्याला बोटीवर तरी स्वतःच्या डोळ्यांचा रंग दिसला नसता. हे तिला मधल्या सुट्टीत कसं सांगायचं? मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. इथे कुणाचं नाव येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ते सुरतमध्ये पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होते. व्यापारी हातभर कापडाचा नमुना पाठवतो, तोच रंग हजारो मीटर कापडावर उतरवायचा, हे त्यांचं काम. रंगाचं माप आता मशीन सांगतं, तरी शेवटचा 'हो' मास्तरचाच. आणि त्यांचा एक नियम होता. शेड उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली नाही. लॉट तयार झाला की तुकडा घेऊन ते मिलच्या गच्चीवर जायचे. माझ्यासाठी साडी घेतानाही तसंच. दुकानातून साडी घेऊन थेट रस्त्यावर. दुकानदार मागून ओरडायचा, "काका, अंदर लाइट छे ने!" हे म्हणायचे, "तुझी लाइट तुझी साडी विकते. मला सूर्याची लाइट पाहिजे." मला लाज वाटायची.

आमचं उधन्याचं घर पहिल्या मजल्यावर. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. ह्या गोष्टीला पुढे महत्त्व येणार होतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आसपास त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो, पण डॉक्टरांनी त्यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला बसवून घेतलं. स्वादुपिंडात गाठ होती, पसरलेली. "पेशंटला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे असंच चालतं. ज्याचं मरण, त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली. "डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी आणा. नळी बसवावी लागेल. उशीर करू नका."

ते बाहेर वजनकाट्यापाशी उभे होते. "काय म्हणाला?"

"पित्त. आतड्याला सूज आहे. तिखट बंद."

"बघ, मी म्हटलं होतं ना. कँटीनच्या भज्यांनी घात केला."

मुलगी बारावीत होती. तिला सांगितलं नाही. शहाद्याकडे त्यांची थोरली बहीण असते, त्यांची जिजी, माझ्या ताई; तिलाही नाही.

दिवाळीला सुरत बंद पडतं ते लाभपंचमीपर्यंत. कापड मार्केट बंद, मिला बंद, आणि ज्याला जमेल तो फिरायला बाहेर. आम्ही मात्र दरवर्षी भाऊबीजेला शहाद्याला जायचो. लग्नाआधीपासून त्यांनी एक बीज चुकवली नव्हती. त्या वर्षी मी म्हटलं, या खेपेला बोटीवर जाऊ. मुंबईहून सुटते. चार रात्री. गोवा, मग नुसता समुद्र.

"आणि जिजी?"

"पुढच्या वर्षी जाऊ की ताईंकडे."

हे वाक्य मी बोलले. पुढचं वर्ष नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

असं का केलं, ते आता सरळ लिहिते. शहाद्याला गेलो असतो तर गावभर माणसं भेटली असती. किती वाळला रे, काय झालं रे, करत चारचौघांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं, आणि ताईंनी तर पहिल्या घासालाच ओळखलं असतं. माझं खोटं तिथे टिकलं नसतं. हे एक. दुसरं असं की मलाच जायचं होतं. वीस वर्षांत आम्ही तिघं कुठे म्हणून गेलो नव्हतो. उद्या मी एकटी पडणार, तेव्हा आठवायला काहीतरी असावं, असं मला वाटलं. त्यांची बीज घेऊन मी माझी आठवण विकत घेतली.

एजंटकडे मी एकटीच गेले. सणाचे भाव, तीनचे पाच झालेले. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारी मी, बाल्कनीच्या खोलीला एका शब्दात हो म्हटलं. त्याने कागद पुढे केला. "बेन, वांची लो. कॅन्सल केलं तर काही परत नाही." मी सही केली.

घरी आकडा सांगितला तेव्हा ते खुर्चीत बसले. "एवढ्यात जिजीच्या पडवीवर नवा पत्रा पडला असता. आणि वर रंग."

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरताना ते माझ्यासमोर पलंगावर बसले होते. ट्यूबच्या उजेडात मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा दिसला नाही. मी पुन्हा पाहिलं. मग ट्यूबकडे पाहिलं. जुनी झालीय, मनात म्हटलं. हात पुसून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहिले. मला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं, शब्दन् शब्द. आणि त्याच्या शेजारी तो कागद आठवत होता. काही परत नाही. माझ्या कित्येक महिन्यांचा पगार. मी स्वतःला सांगितलं, ट्यूबमध्ये काय खरं दिसतं? त्यांचाच नियम मी त्यांच्याविरुद्ध वापरला. गच्चीवर, उजेडात नेऊन बघता आलं असतं, अजून दिवस मावळला नव्हता. मी नेलं नाही. बाहेर येऊन ठेपल्यांची पिशवी बॅगेत घातली.

एवढंच सांगायचं होतं खरं तर. बाकीचं त्यातून आलं.

पहिले दोन दिवस ते भांडत होते, माणसांशी नाही, किमतीशी. खोलीत शिरल्या शिरल्या बाल्कनी पाहिली. "दोन खुर्च्या. ह्या दोन खुर्च्यांचं एवढं भाडं? एवढ्यात तर महिनाभर मिलचा मॅनेजर खुर्चीत बसवता येईल." बाटलीबंद पाण्याचे पैसे वेगळे, कळल्यावर म्हणाले, "चारी बाजूंना पाणी, आणि पाणी विकत!" मुलगी म्हणायची, "पप्पा, मजा करो ने!" "करतोय की. एका घासाची मजा किती रुपयांची, तेच मोजतोय." जेवणाचं सगळं तिकिटातच होतं, म्हणून ताट गच्च भरायचे आणि दोन घास खाऊन ठेवायचे. वाया गेलेल्या अन्नाकडे बघून पुन्हा चिडायचे. मला ते आवडत होतं. कुरकुरतायत म्हणजे बरे आहेत, असं माझं गणित.

तिसऱ्या दिवशी बीज होती. सकाळी मी उठले तर बाथरूमचं दार उघडं, आत कोणी नाही. ते बाल्कनीत होते. दाढीचा साबण अर्ध्या गालावर वाळलेला. हातात माझ्या पर्समधला छोटा आरसा. पाठ समुद्राकडे, तोंड उजेडाला आडवं, अगदी तुकडा बघताना मिलच्या गच्चीवर उभे राहत असणार तसे. एका बोटाने खालची पापणी ओढलेली. मी काचेच्या दाराशी थांबले. बाहेर इतका उजेड होता की मलाही इथून दिसत होतं. हळदीचा नाही तो रंग. जुन्या कागदाचा.

त्यांच्याच मिलमधले एक म्हातारे मास्तर असे पिवळे पडून गेले होते. तेराव्याला हेच जेवून आले होते.

त्यांनी आरसा खाली केला. मला पाहिलं. मी बाहेर गेले.

"सुरतला दिसलं होतं का तुला?" त्यांनी विचारलं. आवाज साधा, चहात साखर आहे का विचारावं तसा.

"काय?"

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला.

"नाही हो," मी म्हटलं. "ट्यूबमध्ये काय दिसतं?"

"हं," ते म्हणाले. "ट्यूबमध्ये नाही दिसत."

मग आत जाऊन त्यांनी उरलेली दाढी केली. थोड्या वेळाने विचारलं, "इथून मध्येच उतरता येतं का कुठे?" मी म्हटलं, एस.टी. आहे का ही? ते हसले. "तेच. हात केला तर थांबायची नाही."

त्या घटकेपासून त्यांनी किमतीचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. बोटीवरच्या दुकानात गेले आणि काळा गॉगल घेतला, किमतीची चिठ्ठी न बघता. मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "वाह पप्पा, हिरो!" जेवणाच्या हॉलमध्येही तो डोळ्यांवरच. मुलीने काढलेल्या प्रत्येक फोटोत आहे. मग त्यांनी बोटीचं इंटरनेट विकत घेतलं, ज्याला आदल्या दिवशी ते दरोडा म्हणाले होते, आणि बाल्कनीत बसून बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

चित्र तुटत होतं. पलीकडे ताई ओट्यावर, ताट घेऊन.

"कारे भाऊ, गॉगल काब्र घाला?"

"उजेड भलता शे, जिजी."

"काढ ना, तोंड दखू दे."

"डोया दुखतंस."

ताईंनी तिकडून फोनला ओवाळलं. निरांजनाचा उजेड पडद्यावर नुसता पांढरा डाग होऊन हलत होता. त्या म्हणाल्या, "पुढला साली येशी ना?"

"येसू," ते म्हणाले. "नक्की येसू."

मी दाराआड उभी होते. फोन घेऊन बोलू शकले असते, ताई, आजच निघा, सुरतला या. ते पुढे बसलेले असताना तसं बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. मी मुलीला हाक मारली, चल, नाश्ता संपेल.

उरलेले दोन दिवस ते खूश होते. तसं सगळ्यांना दिसावं, यासाठी ते कष्ट घेत होते, आणि ते कष्ट फक्त मला दिसत होते. आम्ही दोघं त्या दोन खुर्च्यांवर बसायचो. बोलायला जागा होती, वेळ होता, समुद्राशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं. त्यासाठीच तर ती खोली घेतली होती. आम्ही समुद्राच्या रंगाबद्दल बोललो. "हा रंग कापडावर येत नाही," ते म्हणाले. "आला तरी पहिल्या धुण्यात जातो."

मुंबईला उतरून त्याच दिवशी सुरतला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ताप भरला, थंडी वाजायला लागली. मी दवाखान्यात नेलं. सणाचे दिवस, आमचे डॉक्टर नव्हते, दुसरे होते. त्यांनी पापणी ओढून पाहिली आणि फाइल चाळली. मग माझ्याकडे वळले. "डोळे पिवळे कधीपासून?"

मला उत्तर माहीत होतं. 

खाटेवरून तेच म्हणाले, "काल उतरल्यावर दिसलं, साहेब. बोटीवर नव्हतं."

उभ्या जन्मात त्यांनी चुकीची शेड पास केली नव्हती. पार्टीशी भांडले, मालकाशी भांडले, एकदा नोकरी जायची वेळ आली, पण जे नाही त्याला हो म्हटलं नाही. तो 'हो' पहिल्यांदा म्हटला, माझ्यासाठी. आणि मग तोंड भिंतीकडे केलं.

नळी बसवली. डॉक्टर म्हणाले, आत पू झाला आहे, आधी आलं असतं तर काही महिने मिळाले असते. किती आधी, ते मी विचारलं नाही. ताई आल्या तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते आणि माणसं ओळखत नव्हते. एकेकाला दोन मिनिटं आत सोडायचे. ताई बाहेर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, तुले मालूम व्हतं का?"

मी मान हलवली. नाही.

चौथ्या दिवशी ते गेले.

त्याला आता काही वर्षं झाली. दरवर्षी बीजेला ताईंचा फोन येतो. बाल्कनीतला तो गॉगलवाला फोटो त्यांनी मोठा करून भिंतीला लावला आहे. जरा इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या हळूच तिथे येतात. "तठे खूश व्हता ना मना भाऊ? पैसा फिटनात ना, वहिनी?" एवढं ऐकलं की त्यांचं वर्ष निघतं. भाऊ शेवटी आपल्या ओट्यावर नव्हता, पण सुखात होता, ह्या एका गोष्टीवर त्या टेकून आहेत.

मी म्हणते, "हो ताई. फिटले."

यंदाही त्या फोन करतील. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, असं इथे लिहिणार होते. पण ठरलेलं आहे. मी हो म्हणणार.