नवव्या ओळीतला अंगठा

"काढ तो गंजीफराक," सेक्रेटरी मला म्हणाला. "मधुकररावाले घालाचा हाय. फोटोपुरता."

मी होतो तिथंच उभा राहिलो. अंगावर रिसोडच्या मैदानाची माती, खालचा ओठ फुटलेला, आणि आमच्या क्लबनं हुतूतूची ढाल जिंकून अर्धा तासही झाला नव्हता. नऊ गड्यांना नऊ गंजीफराक होते, लाल पट्ट्यांचे, क्लबनं आणलेले. नववा माझ्या अंगावर होता. मधुकरराव म्हणजे क्लबचे अध्यक्ष वकीलसाहेब, त्यांचा पुतण्या. त्या साली तो एकदाही मैदानात उतरला नव्हता. सामने बघायला मात्र यायचा, छत्री घेऊन.

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? फोटो वकीलसायबाच्या बैठकीत लागनार हाय. अन् असाच देऊ नको, धुऊन दे. घामाचा वास येऊन राह्यला."

मी धुतला. मैदानामागच्या विहिरीवर जाऊन, माझाच घाम माझ्याच हातानं खंगाळून काढला. पिळला, झटकला, वाऱ्यावर धरून उभा राहिलो. अकोल्याहून आणलेला फोटोवाला काळ्या कपड्याखालून ओरडत होता की ऊन चाललं. मधुकररावानं ओला गंजीफराक नाक मुरडत घातला आणि ओळीत नववा होऊन बसला. मी फोटोवाल्याच्या मागं उघडा उभा. दोन्ही हातांवर आठ जणांची धोतरं आणि सदरे. कप्तानानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग मिशीवरून हात फिरवून तो समोर बघायला लागला.

मी काही बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं मी पहिल्यापासून वाघ होतो. मी कपडे धरले.

आम्ही वाशीमच्या वेशीबाहेरचे माळी. वांगी, मेथी, मिरची, कांदे. जमीन वकीलसाहेबांची, विहीरही त्यांची. कष्ट आमचे, माल निम्मा निम्मा. दर गुढीपाडव्याला माझा बाप त्यांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहायचा. साहेब वरूनच म्हणायचे, "करा यंदाही." झाला आमचा करार. पहाटेपासून मोट हाकायची, दिवसभर वाफ्यांत पाण्याची दारं धरायची, आणि दिवस कलला की क्लबच्या मैदानात. थकलेला माणूस खेळायला कसा जातो, असं माझी बायको विचारायची. मलाही नीट सांगता येत नसे. मैदानात उतरलं की अंगातला थकवा वेगळ्या जातीचा होतो, एवढंच.

माझी जागा डावा कोपरा. समोरचा गडी दम धरून चढाईला आला की सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर असतात. माझे त्याच्या घोट्यावर. तो वळायच्या आधी टाच किंचित उचलतो. तेवढ्यात मातीला पोट लावून घोटा धरायचा. मग बाकीचे आठ येऊन त्याच्यावर पडतात, म्हणजे माझ्यावरही पडतात. ढीग उठतो तेव्हा सगळ्यात वर कप्तान असतो आणि लोक कप्तानाच्या नावानं टाळ्या पिटतात. मी सगळ्यात शेवटी उठायचो, तोंडातली माती थुंकत. अख्ख्या सालात मला एकदाही चढाई दिली नाही. मी मागितलीही नाही. कोपरा आपला, हे मी मनाशी ठरवलं होतं. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मला तो खेळ येत होता आणि चांगला येत होता.

म्हणून फोटोचं मला लागलं ते फार आत लागलं. वाटलं, माळ्याचा पोरगा वकिलाच्या भिंतीवर कशाला, म्हणून काढलं असेल. खरं कारण कळायला पुढची दिवाळी जावी लागली.

दिवाळीनंतर सेक्रेटरी मळ्यात आला. एरवी हा माणूस बांधावरून हाक मारायचा. त्या दिवशी मोटेपर्यंत चालत आला, चपला चिखलात घालून. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसला. माझ्या बापानं त्याला गुळाचा खडा दिला.

"तुह्यासारखा कोपरा साऱ्या वऱ्हाडात नाई," तो मला म्हणाला. "तू नसला तं यंदा ढाल गेली समज. वकीलसायब सोता म्हनले, पयले त्याले पक्कं करा."

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. साल सरलं होतं त्या एका वाक्याची वाट बघण्यात. गंजीफराक विसरलो. ओला गंजीफराक, आठ धोतरं, सगळं विसरलो. माणूस किती स्वस्तात खूश होतो, ते मला त्या दिवसावरून माहीत आहे.

सेक्रेटरीनं पिशवीतून घडीचा कागद काढला आणि शाईची गादी काढली. यंदा पंचांनी नवा नियम केला होता. उसने गडी आणून खेळवतात अशा तक्रारी फार झाल्या होत्या. म्हणून नऊही जणांनी नावापुढं अंगठा उठवायचा, आणि सामन्याआधी पंचांसमोर पुन्हा उठवून दाखवायचा.

"सही कोनीबी कोनाची करते," सेक्रेटरी हसून म्हणाला. "अंगठा काई उसना आनता येत नाई. आन हात."

मी हात धोतराला पुसून दिला. त्यानं अंगठा धरून गादीवर दाबला. कागदावर आठ अंगठे आधीच उठले होते. नवव्या ओळीवर त्यानं माझा अंगठा नेला.

मी मराठी चौथी शिकलेला आहे. क्लबात मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगत सुटलो नाही. नवव्या ओळीत माझं नाव नव्हतं. मधुकर लिहिलं होतं, त्याच्यापुढं त्याच्या बापाचं नाव, त्याच्यापुढं वकीलसाहेबांचं आडनाव. अक्षर मोठं छान होतं.

मी हात मागं घेतला.

"हे नाव माहं नाई."

सेक्रेटरी दचकला. आधी माझ्याकडं, मग कागदाकडं, मग परत माझ्याकडं. त्याला नाव चुकल्याचं काही नव्हतं. त्याला मी वाचलं याचं नवल होतं.

"तुले वाचता येते?"

"मांगच्या साली कोनाचं नाव होतं या जागी?"

तो शाईची गादी बंद करत बसला. मग म्हणाला, "हेच."

तेव्हा मला पाण्याच्या घागरी आठवल्या. प्रत्येक सामन्याआधी पंच यादी वाचायचे, आणि यादी वाचायची वेळ झाली की सेक्रेटरी मला म्हणायचा, जाय रे, गड्यायले प्याले पानी आन. रिसोडला, मंगरूळपीरला, शेलूबाजारला, सगळीकडं. मी घागर घेऊन पळायचो. परत येईपर्यंत हजेरी झालेली असायची. मधुकरच्या नावाला हजर कोण म्हणत होतं? कप्तान म्हणत असणार. म्हणजे कप्तानाला ठाऊक होतं. आठही जणांना ठाऊक होतं. माझ्यावर पडून, माझ्या पाठीवर गुडघे टेकवून उठणारे आठ जण. मी सालभर मधुकर होऊन खेळलो होतो आणि ते माहीत नसलेला मी एकटाच होतो.

"त्याले फौजदाराच्या भरतीत खेळाचा दाखला लागते, फोटोबी त्याच्यासाठीच," सेक्रेटरी आता समजुतीनं बोलायला लागला. "नाव काय, कागदावर राह्यते. खेळतं तं तूच ना? तुले काय कराचा दाखला? वांग्यायले दाखवतं का?"

मला राग आला, पण तो भडकून आला नाही. मोट ओढून ओढून बैल जसा एके दिवशी नुसता थांबतो, तसं काहीतरी झालं. पुढं पाऊल टाकायचंच नाही, एवढं कळलं.

"माह्या नावानं लिवा," मी म्हणालो. "आताच लिवा, माह्यासमोर. मंग देतो अंगठा."

"यादी वकीलसायबानं पाह्यली हाय. ते नाई बदलत."

"मंग मी नाई येत."

माझा बाप हे ऐकत बसला होता. तो उठला आणि माझ्याजवळ आला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दे ना रे बापा अंगठा. नाव गेलं तं काय पोट मरते? मळा गेला तं मरते. पाडवा येऊन राह्यला."

"मळा जाईन असं ते म्हनले का?"

"म्हनाले कायले पाह्यजे," बाप म्हणाला.

सेक्रेटरी उठला. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला, आणि आल्या वाटेनं गेला. शाई लागलेला अंगठा मी चिखलात घासला. दोन दिवस तो काळाच होता. भाकरी मोडताना दिसायचा.

इथं मला सांगायला आवडलं असतं की माझ्यावाचून टीम हरली. हरली नाही. मंगरूळपीरचा कासम पिंजारी त्यांनी आणला. गाद्या पिंजून त्याचे हात दगडासारखे झालेले, कोपऱ्यात उभा राहिला की घोटा सोडत नसे. मधुकरच्या ओळीत त्यानं अंगठा दिला. ढाल पुन्हा वाशीमला आली. आणि पाडव्याला बाप ओट्याखाली उभा राहिला तेव्हा साहेब वरून म्हणाले, "यंदा दुसऱ्याला सांगितलंय." झालं. वांगी फुलावर होती, ती तशीच सोडून निघालो. शेलूबाजारच्या वाटेवर दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं लागलो. बाप माझ्याशी कामापुरतं बोलायचा. बायको बोलायची, पण पूर्वीसारखं विचारायची नाही काही. घरातलं हे गप्प राहणं मला वकिलाच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. पुष्कळदा वाटलं, काय बिघडलं असतं? एक बोट तर टेकवायचं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी कासम भेटला. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन चालला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की कागदावर कोणाच्या नावापुढं अंगठा दिलास. तो म्हणाला, "मेरेच नाम के सामने. और किसके?"

मी त्याला सांगितलं.

त्यानं धनुकलीच्या तातीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पढना आता नहीं भाई. पंच मधुकर मधुकर पुकारे, तो सेक्रेटरी मेरेकू बोला, जा, तू जाके अंगठा लगा. मैं समझा अपनी बारी आई." मग त्यानं मला विचारलं, "लेकिन खेला तो मैं अच्छा ना? लोगां देखे ना?"

"देखे," मी म्हणालो. रडू आलं होतं आणि भर बाजार होता.

त्यानंतरच्या दिवाळीला सेक्रेटरी पुन्हा आला. शेलूबाजारला, मी रोजानं लागलो होतो त्या मळ्यात. पुतण्याला नोकरी लागली होती. त्याला आता दाखला नको होता. नववी ओळ रिकामी झाली होती.

"यंदा तुहंच नाव," तो म्हणाला. कागद उलगडून त्यानं मला दाखवला. खरंच माझं नाव होतं. ते काय होतं ते इथं सांगत नाही, ते माझं होतं एवढं पुरे. तेच छान अक्षर. "अन् पाडव्याले मळाबी परत. वकीलसायबानं कबूल केलं हाय. आता तं झालं ना तुह्या मनासारखं?"

माझा बाप मेथी निंदत होता. त्याचं खुरपं थांबलं. त्यानं मान वर केली नाही, पण तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता हे मला कळत होतं. वर्षभरात तो फार वाकला होता.

मी कागद हातात घेतला. खालपासून वरपर्यंत सगळी नावं वाचली, सावकाश, मोठ्यानं. सेक्रेटरीला वाटलं मी खुशीनं वाचतो आहे.

"मांगच्या दोन यादीचं काय?" मी विचारलं.

"त्याचं काय? झालं ते झालं."

"पयल्या सालचं मधुकरचं नाव खोडा, तिथं माहं लिवा. दुसऱ्या सालचं खोडा, तिथं कासम पिंजाऱ्याचं लिवा. अन् रिसोडच्या मैदानात, पंचाईसमोर, लोकाईले वाचून दाखवा कोन खेळलं ते. मंग हा कागद घेऊन या."

"अबे, तो फौजदार झाला आता! याड लागलं का तुले? कासम कोन लागते तुहा?"

"कोपऱ्यातला गडी हाय."

सेक्रेटरीनं माझ्या बापाकडं पाहिलं. "म्हाताऱ्या, सांग याले."

बाप बसल्या जागेवरून उठला नाही. खुरपं पुन्हा चालायला लागलं. तो माझ्या बाजूनं बोलला नाही. पण या वेळी त्यानं मला अंगठा दे असंही म्हटलं नाही.

मी कागदाची घडी घालून सेक्रेटरीच्या हातात दिली. तो पुटपुटत निघून गेला, आणि मी पुन्हा दारं धरायला लागलो, पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं. त्या साली मी खेळलो नाही. पुढंही नाही. क्लबनं दर साली माणूस पाठवला, दर साली मी तेच सांगितलं, शेवटी माणूस यायचा बंद झाला. मळा गेला तो गेलाच. कासम गेला, बाप गेला, माझे गुडघे गेले. त्या दोन याद्यांवर नवव्या ओळीत अजून मधुकरच खेळतो आहे. ती दोन नावं खोडल्याशिवाय मी वकिलाच्या कुठल्याही कागदाला बोट लावणार नाही, आणि माझ्या पोरांना, नातवांना मी अक्षरं ओळखायला शिकवलं ते याचसाठी, की माझ्यामागंही कुणी लावू नये.